वरच्या मजल्यावरून प्रिंटर पिंग होतो, पण सापडत नाही (उबंटू, अवाही)

अभ्यासिका_राजारामपुरी

नमस्कार. कोल्हापुरात राजारामपुरीत माझी अभ्यासिका आहे. वर २४ खुर्च्यांची वाचनखोली, खाली काउंटर आणि प्रिंटर. मुलं-मुली बहुतेक एमपीएससीची, राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीकडून आलेली. हॉलतिकीट, फॉर्मची प्रत, जुन्या प्रश्नपत्रिका, सगळं इथंच छापतात.

प्रिंटर केबलने खालच्या राउटरला जोडलाय. वर दोन जुनी मशीन आहेत, दोन्हींवर उबंटू २२.०४. मे महिन्यापर्यंत वर कुठलीही फाइल छापायला घेतली की यादीत प्रिंटर आपोआप यायचा. मुलांच्या मोबाईलवरही यायचा. आता यादी रिकामी.

अवाही, म्हणजे नेटवर्कवरचे प्रिंटर आणि मशीन आपोआप शोधणारा प्रोग्रॅम, चालू आहे, स्टेटसमध्ये हिरवं दिसतं. वरच्या मशीनवर अवाही-ब्राउझ चालवलं तर फक्त वरचीच दोन मशीन दिसतात. खाली काउंटरवर तेच चालवलं तर प्रिंटर दिसतो, काउंटरचं मशीन दिसतं, वरचं एकही नाही. पण प्रिंटरच्या पत्त्यावर पिंग, म्हणजे पोचतंय का ते बघणारी चाचणी, दोन्हीकडून जातो:

खालून: १९२.१६८.१.५०, टीटीएल ६४, ०.४ मिलीसेकंद
वरून: १९२.१६८.१.५०, टीटीएल ६३, १.३ मिलीसेकंद

वरून ब्राउझरमध्ये हा पत्ता टाकला तर प्रिंटरचं पानही उघडतं, टोनर किती उरलाय ते दिसतं. म्हणजे रस्ता आहे. मग प्रिंटर सापडत का नाही? एका मशीनवर हाताने पत्ता घालून भागवलंय, पण २४ जणांच्या मोबाईलवर ते कसं करू? परवा रात्री साडेनऊला मी काउंटर बंद करून गेल्यावर एका मुलीला हॉलतिकीट छापायचं होतं. वरून जमलं नाही, म्हणून भर पावसात ती झेरॉक्सचं दुकान शोधत फिरली. सकाळी पेपर होता तिचा. मला ते फार लागलं.

गोकुळ_शिरगाव_आयटी

आधी फायरवॉल बघा. यूडीपी ५३५३ पोर्ट बंद असेल तर नेमकं असंच होतं, पिंग जातो पण यादीत काही येत नाही. दुसरं, नावं कुठे शोधायची ते ठरवणाऱ्या एनएसस्विच फाइलमधल्या होस्ट्सच्या ओळीत एमडीएनएस४-मिनिमल आहे का बघा, आणि ते डीएनएसच्या आधी हवं. ते नसेल तर डॉट लोकलने संपणारी, आपल्या नेटवर्कपुरती नावं उलगडत नाहीत.

अभ्यासिका_राजारामपुरी

दोन्ही बघितलं. होस्ट्सची ओळ बरोबर आहे. फायरवॉल दोन्ही मशीनवर पूर्ण बंद करून पाहिली, काही फरक नाही. आणि मोबाईलवर तर फायरवॉल नाहीच, तरी तिथंही येत नाही.

शाहूपुरी_केबलवाले

ताई, उबंटूला हात लावू नका, त्याचा दोष नाही. तुमच्या पिंगमध्येच सगळं आहे. खालून टीटीएल ६४, वरून ६३. हा आकडा मधल्या प्रत्येक राउटरपाशी एकाने कमी होतो. म्हणजे वरचं मशीन आणि प्रिंटर यांच्या मध्ये एक राउटर उभा आहे. नुसता स्विच असता तर दोन्हीकडे ६४ आलं असतं.

दोन गोष्टी सांगा. मेनंतर वर काही नवीन बसवलंय का? आणि वरच्या मशीनचा स्वतःचा पत्ता काय आहे?

अभ्यासिका_राजारामपुरी

बसवलंय. स्लॅब जाड आहे, वर वायफाय नीट पोचत नव्हतं. जूनच्या सुरुवातीला ओळखीच्या एका मुलाने दुसरा राउटर आणून लावला. इंटरनेट व्यवस्थित सुरू झालं म्हणून याचा संबंध असेल असं वाटलं नाही. वरच्या मशीनचा पत्ता १९२.१६८.०.१०३ आहे. खालून आलेली केबल राउटरच्या निळ्या भोकात आहे.

शाहूपुरी_केबलवाले

मग तेच. खाली १९२.१६८.१, वर १९२.१६८.०. एका घरात दोन वेगळी नेटवर्क झालीत.

काय होतंय बघा. अवाही कुठल्या सर्व्हरकडे चौकशी करत नाही. तो २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, ५३५३ पोर्टवर हाळी देतो, "इथं छापणारं कोण आहे?" ज्याला ऐकू येतं तो ओ देतो. पण ही हाळी आपल्याच नेटवर्कपुरती. २२४.०.० ने सुरू होणाऱ्या पत्त्यांवरचं काहीही राउटर पुढे पाठवत नाही, नियमच तसा आहे. पिंगचं वेगळं, तो नेमक्या पत्त्यावर जातो, म्हणून राउटर त्याला वाट देतो. आता खालून वरच्या १०३ ला पिंग करून बघा, जाणार नाही. वरच्या राउटरने त्याच्या मागचं सगळं झाकून ठेवलंय.

वरच्या राउटरला फक्त ॲक्सेस पॉइंट करायचं, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता नुसतं वायफाय देईल. सेटिंगमध्ये तसा मोड असेल तर तोच निवडा. नसेल तर मशीन केबलने त्या राउटरला जोडा, त्याचा लॅनचा (आतल्या नेटवर्कचा) पत्ता १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी (मशीनना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि सेव्ह करा. १.२ हा पत्ता खालचा राउटर दुसऱ्या कुणाला देत नाही ना, तेवढं आधी तपासा. मग खालून आलेली केबल निळ्या (इंटरनेटच्या) भोकातून काढून पिवळ्यात (लॅनच्या) घाला. आधी डीएचसीपी बंद, मगच केबल. उलटं केलंत तर एकाच नेटवर्कवर दोघे पत्ते वाटायला लागतील आणि निम्म्या मुलांचं इंटरनेट बंद पडेल.

गोकुळ_शिरगाव_आयटी

टीटीएल माझ्या नजरेतून सुटला, बरोबर पकडलंत. अवाहीत रिफ्लेक्टर नावाची सोय आहे, ती एका नेटवर्कची हाळी दुसऱ्यात पोचवते. ते केलं तर राउटर तसाच ठेवता येईल का? मुलांचं नेटवर्क काउंटरपासून वेगळं राहिलेलं बरं. काउंटरच्या मशीनवर मुलांच्या कागदपत्रांचे स्कॅन असणार.

शाहूपुरी_केबलवाले

रिफ्लेक्टरसाठी दोन्ही नेटवर्कमध्ये पाय असलेलं एक मशीन कायम चालू लागेल. लाइट गेली की तेही गेलं. एका प्रिंटरसाठी एवढं कशाला. आणि वेगळेपणाचं म्हणाल तर आताची रचना काउंटरला राखत नाही. वरून खालचं सगळं गाठता येतं, ताईंनी प्रिंटरचं पान वरूनच उघडलं की. स्कॅनची काळजी रास्त आहे, पण त्यासाठी काउंटरच्या मशीनवर फायरवॉल चालू ठेवा आणि फोल्डर शेअर करू नका.

अभ्यासिका_राजारामपुरी

झालं! दुपारी मुलं जेवायला गेल्यावर बसले. डीएचसीपी आधी बंद केलं, मग केबल पिवळ्या भोकात. वरची मशीन पुन्हा सुरू केली आणि पत्ता आला १९२.१६८.१.११७. अवाही-ब्राउझमध्ये प्रिंटर लगेच दिसला. पिंगमध्ये आता वरूनही टीटीएल ६४. तो आकडा बघून खरंच आनंद झाला. खालून वरचं मशीन आधी पिंग होत नव्हतं, तेही खरं निघालं.

एकच शंका. काउंटरच्या मशीनचं नाव "काउंटर डॉट लोकल" होतं, ते आपोआप "काउंटर-२" झालंय. दुसरं त्या नावाचं मशीन इथं नाही.

शाहूपुरी_केबलवाले

त्या मशीनची केबल आणि वायफाय दोन्ही चालू आहेत का? एकाच नेटवर्कवर दोन वाटांनी असलं की कधीकधी अवाहीला स्वतःचीच हाळी दुसऱ्या वाटेने परत ऐकू येते. त्याला वाटतं, हे नाव दुसऱ्याने घेतलंय, मग मागे २ लावतो.

अभ्यासिका_राजारामपुरी

हो, दुपारी तपासताना वायफाय चालू केलं होतं, ते तसंच राहिलं. बंद करून अवाही रीस्टार्ट केलं, नाव पूर्ववत झालं. फायरवॉलही पुन्हा लावली.

दादा, तुम्हा दोघांचे मनापासून आभार. परवाच्या त्या मुलीला बोलावून तिच्या मोबाईलवरून छापून बघायला सांगितलं. यादीत प्रिंटर आला, तिने दाबलं आणि खाली कागद आला. आता काउंटर बंद केल्यावर प्रिंटर चालू ठेवून, कागदांचा ट्रे भरून जाते. किल्ली वरच्या मॉनिटर मुलाकडे असते.