नेट-आर्ट गॅलरीत मांडताना इंटरनेटची तार काढून ठेवावी का?

तारतम्य (धागाकर्ता)
माझं मत: नेट-आर्ट म्हणजे इंटरनेटवरच घडणारी कला, पण जुनं काम असेल तर तार काढावीच. १९९७ साली जर्मनीतल्या कासेलच्या दहाव्या डॉक्युमेंटा या कलाप्रदर्शनात नेट-आर्ट ऑफिससारख्या खोलीत, बहुतांशी ऑफलाइन संगणकांवर मांडलं होतं. त्याला लोक अजून नावं ठेवतात. खोलीला जरूर ठेवा, पण ऑफलाइनला का?

ओलिया लिआलिनाचं १९९६चं 'माय बॉयफ्रेंड केम बॅक फ्रॉम द वॉर' घ्या. क्लिक करत जावं तशी चौकट फुटून तिच्या लहान चौकटी होत जातात. युद्धावरून परतलेला तो आणि ती, दोघांनाही धड बोलता येत नाही. २८.८ केबीपीएसच्या फोन-मोडेमवर सेकंदाला जास्तीत जास्त ३.६ केबी येत, म्हणजे ३६ केबीच्या चित्राला १० सेकंद. तो अबोला या थांबण्यातून ऐकू येतो. फायबरवर चित्र लगेच हजर, अबोला गायब. त्यापेक्षा स्थानिक प्रत, इम्युलेटरमध्ये (जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) जुना नेटस्केप ब्राउझर, ४:३चा काचेचा मॉनिटर आणि बांधून दिलेला वेग बरा.

उंबरठा
साफ असहमत. ही पेंढा भरलेल्या वाघाची मांडणी झाली. मुंबईच्या शिल्पा गुप्तांचं 'ब्लेस्ड बँडविड्थ' आठवा, ब्रिटनच्या टेट कलासंग्रहालयाने २००३मध्ये करून घेतलेलं. वेगवेगळ्या धर्मस्थळी नेऊन नेटवर्कच्या केबलला आशीर्वाद घ्यायचा आणि तो त्या तारेतून पाहणाऱ्यापर्यंत पोचवायचा, अशी कल्पना. तुम्ही तारच उपटलीत, तर आशीर्वाद येणार कुठून? हार्ड डिस्कमधून?

खटपट्या
वाद चालू द्या, पण 'बांधून दिलेला वेग' इतका सोपा नाही. तीन ठिकाणी हमखास फसतं.

लिनक्सवर 'टीसी' या आज्ञेने वेग कमी करतात, पण बहुतेक जण तो इथरनेटच्या पोर्टवर लावतात. सर्व्हर आणि ब्राउझर एकाच यंत्रावर असतील तर पानं त्या पोर्टवरून जातच नाहीत. मर्यादा लूपबॅकवर, म्हणजे यंत्राच्या स्वतःशीच बोलणाऱ्या आतल्या जोडणीवर, लावावी लागते.

दुसरं, कॅश, म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेली प्रत. पहिला प्रेक्षक १० सेकंद थांबतो, दुसऱ्याला सगळं लगेच दिसतं. उद्घाटनाला पाहुण्यांच्या आधी कुणीतरी तपासून पाहतो आणि तिथेच काम संपतं! कॅश बंद ठेवा, दोनेक मिनिटं कुणी हात लावला नाही तर ब्राउझर मारून नवा उघडणारी छोटी स्क्रिप्ट टाका.

तिसरं, रात्री सफाईवाले मेन स्विच पाडतात. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचं मेमरी कार्ड त्याच वेळी लिहीत असेल तर सकाळी काळा पडदा. फाइल सिस्टिम केवळ-वाचन करून ठेवा.

उंबरठा, तारेचीही रड आहेच. पाय ४पर्यंतच्या यंत्रांत घड्याळाची बॅटरी नसते. नेट यायच्या आत ब्राउझर उघडला तर तारीख जुनी, म्हणून संकेतस्थळाचं सुरक्षा-प्रमाणपत्र अवैध, म्हणून कलाकृतीऐवजी धोक्याची सूचना. गॅलरीच्या वायफायचं लॉगिन पान आडवं येतं ते वेगळंच. वायफाय नकोच.

उंबरठा
या सगळ्या अडचणी आहेत, कारणं नव्हेत. आणि 'मूळ अनुभव' गोठवायचाच असेल तर कोणत्या दिवसाचा? न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने शू ली चेंग यांचं १९९८-९९चं 'ब्रँडन' दुरुस्त केलं, तेव्हा बंद पडलेली जावा अ‍ॅपलेट्स (पानात चालणारे छोटे प्रोग्रॅम) जावास्क्रिप्टने बदलली. काम वेबवरच राहिलं, कुणालाही घरून पाहता येतं. तुमची पेटी फक्त गॅलरीच्या वेळात उघडी.

तारतम्य
बदललेली अ‍ॅपलेट्स हीही एक प्रतच की, फक्त तारेवर टांगलेली. 'ब्लेस्ड बँडविड्थ'पुरतं तुमचं मान्य, तिथे तार हेच साहित्य आहे. लिआलिनाच्या कामात साहित्य वेळ आहे. कामागणिक ठरवू.

पिक्सेलपंत
तुम्ही दोघं तारेवर भांडताय, खून कीबोर्डवर झालाय. किऑस्क मोडमध्ये (पडदाभर फक्त ब्राउझर) लोक पत्ता टाकायचं कंट्रोल-एल दाबून मेल उघडतील म्हणून गॅलरीवाले कीबोर्ड काढून नुसता माउस ठेवतात. मग 'जोडी' या कलाकारांच्या जोडगोळीचं १९९५चं संकेतस्थळ कसं दाखवणार? वर हिरव्या अक्षरांची गिचमिड. खाली सोर्स कोड उघडला की त्याच चिन्हांतून हायड्रोजन बॉम्बची आकृती. उजवं बटण बंद, सोर्स दाखवणारं कंट्रोल-यू नाही, म्हणजे प्रेक्षक फक्त गिचमिड बघून जातो.

तारतम्य
शेजारी दुसऱ्या पडद्यावर सोर्स उघडा ठेवावा.

पिक्सेलपंत
म्हणजे कोड्याशेजारी उत्तर चिकटवायचं! त्यापेक्षा कीबोर्ड राहू द्या, फक्त नको ते शॉर्टकट अडवा. कंट्रोल-यू मोकळं.

खटपट्या
चालेल, पण सोर्स नव्या टॅबमध्ये उघडतो आणि किऑस्कमध्ये टॅबची पट्टी दिसत नाही. माणूस तिथेच अडकतो. टॅब बंद करणारं कंट्रोल-डब्ल्यूसुद्धा मोकळं ठेवा, आणि शेवटचा टॅब बंद झाला की ब्राउझर परत उघडेल अशी सोय करा.