पावसाळ्यात टॉवेल-जीन्ससाठी ड्रायर घ्यावा का? मदत हवी आहे

मुंबईच्या जुलैत हवाच इतकी दमट की बाल्कनीतल्या दोरीवर जीन्सचा कंबरपट्टा आणि खिशांची टोकं दोन दिवसांनीही ओलसर लागतात. कापड फार वेळ ओलं राहिलं की जंतू वाढतात आणि कुबट वास धरतो. इस्त्री फिरवली की तो आणखीच उठतो. १२०० आरपीएमवर जादा स्पिन, जीन्स उलटी करून खिसे बाहेर, दोन कपड्यांत चार बोटं अंतर, वर पंखा, हे सगळं चालू आहे. पंचे, सुती साड्या वाळतात. टॉवेल नाहीच.

व्हेंटेड ड्रायर स्वस्त, पण चार इंची पाइप खिडकीबाहेर काढावा लागतो, नाहीतर सगळी वाफ घरातच. हीट पंपवाल्याची (तीच गरम हवा आतल्या आत फिरवून वापरणारा ड्रायर) किंमत जास्त, मात्र वीज बरीच कमी लागते आणि पाणी टाकीत जमतं. मन तिकडेच ओढतंय.

वापरणाऱ्यांनी कृपया सांगा: दोरीवर अर्धवट वाळवून शेवटची ओल तेवढी ड्रायरमध्ये काढली तर ओल मोजणारा सेन्सर ड्रायर मध्येच बंद करतो का? आतल्या कॉइलवरचा (नळ्यांवरचा) लिंट, म्हणजे कपड्यांचे बारीक तंतू, घरी साफ करता येतो का? आणि लायक्रावाल्या जीन्सचा ताण किती टिकतो?