सोसायटीच्या आवारातले झाड तोडायला महापालिकेची परवानगी लागते का?

कोथरूडकर:
नमस्कार. आमच्या सोसायटीच्या मागच्या कुंपणालगत वर्षावृक्षाचे एक जुने झाड आहे. पार्किंग वाढवण्यासाठी ते काढावे, असा ठराव सर्वसाधारण सभेत बहुमताने संमत झाला असून जागा सोसायटीच्या मालकीची असल्यामुळे कोणाचीही परवानगी लागत नाही, असे कार्यकारिणीचे म्हणणे आहे. काल झाडाजवळ गेले, तेव्हा कमरेइतक्या उंचीवर बुंध्याच्या सभोवार वीतभर रुंदीची साल तासून काढलेली दिसली. आतले लाकूड ओलसर होते आणि मुळांशी सालीचे ताजे तुकडे पडलेले होते. झाड अजून हिरवेगार आहे. प्रत्यक्ष तोड झालेली नसताना तक्रार करता येते का?

वृक्षमित्र:
तक्रार अवश्य करता येते. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खासगी जागेतील झाडांनाही लागू आहे, त्यामुळे सोसायटीचा ठराव परवानगीची जागा घेऊ शकत नाही. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की या कायद्यातील ‘झाड तोडणे’ या संज्ञेत झाड जाळणे, कापणे आणि कोणत्याही प्रकारे त्याला इजा पोहोचवणे हे सारे येते. साल काढली त्याच दिवशी कायद्याचा भंग झाला, झाड आडवे होण्याची वाट पाहावी लागत नाही.

रीतसर अर्ज केला असता, तर वृक्ष अधिकाऱ्यांनी झाडाची पाहणी केली असती, वर्तमानपत्रात जाहीर सूचना दिली असती आणि झाडावरही सूचना लावली असती. त्या सूचनेत हरकतींसाठी सहसा सात दिवसांची मुदत असते. आपल्या झाडावर असा कागद नसेल, तर त्याचाही तक्रारीत उल्लेख करा.

सचिव (दुसरी सोसायटी):
मी कार्यकारिणीच्या बाजूनेही थोडे लिहितो. आमच्याकडे पावसाळ्यात मोठी फांदी उभ्या गाडीवर कोसळली, तेव्हापासून सभासदांच्या मनात भीती आहे आणि ती खोटी नाही. परंतु त्यावर उपाय छाटणीचा आहे. आम्ही उद्यान विभागाकडे अर्ज करून धोकादायक फांद्या उतरवून घेतल्या आणि झाड राखले. पार्किंगची अडचण मात्र जिवाला असलेल्या धोक्याच्या पंक्तीत बसवता येणार नाही.

बागवान:
मी अनेक वर्षे उद्यान विभागात काम केले आहे. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जाते. ती वाट वलयाकार तोडली, की मुळे उपाशी राहतात आणि झाड काही महिन्यांनी, कधी वर्षभराने वाळते. मग ‘वाळलेले, धोकादायक झाड’ म्हणून अर्ज येतो आणि पाहणीला गेलेल्या माणसाला खरोखरच वाळलेले झाड दिसते. म्हणून आजच, झाड हिरवे असताना, जखमेची आणि पालवीची तारीख दिसेल अशी छायाचित्रे काढा आणि पंचनाम्याची लेखी मागणी करून अर्जाची पोच घ्या. जखमेवर आतला ओला थर कुठे शिल्लक असेल तर तो खरवडू नका. तो वाळू नये म्हणून प्लॅस्टिकने सैलसर झाकून ठेवा. सालीची एखादी अरुंद पट्टी जरी अखंड राहिली असेल, तरी झाड तग धरू शकते.

झाडाचे वयही तपासून घ्या. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक वर्षांच्या झाडांना प्राचीन वृक्ष म्हणून वेगळे संरक्षण दिले आहे आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट घातली आहे.

कोथरूडकर:
सर्वांचे मनापासून आभार. उत्तरेकडच्या बाजूला चार बोटे रुंदीची साल शाबूत आहे, हे आज सकाळी नीट पाहिल्यावर लक्षात आले. छायाचित्रांसह अर्ज क्षेत्रीय कार्यालयात दिला असून पोच घेतली आहे.