अनुभव धागा: घरात मांजर आहे, तर बागेत काय लावलंत आणि काय काढलंत?

आमच्या भुरीला गेल्या आठवड्यात दवाखान्यात ठेवावं लागलं, आता घरी आलीय म्हणून लिहायला बसले. आम्ही बडोद्यात मांजलपूरला राहतो, पुढे ओटला आणि त्यापुढे छोटीशी बाग. नर्सरीत रोप घेताना मी स्पष्ट विचारलं होतं की घरात मांजर आहे, चालेल ना, तर काका म्हणाले "कंई नहीं थाय बेन, लई जाओ" (काही होत नाही ताई, घेऊन जा). ते निघालं सॅगो पाम. नावाला पाम, खरं तर सायकस, सगळंच झाड विषारी, बी तर सगळ्यात जास्त, आणि थेट लिव्हर धरतं. अरेका पाम मात्र मांजराला चालतो. भुरीने पानांची टोकं चावली होती, उलट्या सुरू झाल्या तशी लगेच उचलून नेली म्हणून वाचली, ३ दिवस सलाईन. तर मांजरवाल्यांनो, तुमच्याकडे कशाने त्रास झाला, काय लावलंय, सविस्तर लिहा. बडोद्याच्या उन्हात टिकणारं सांगितलंत तर फार बरं.

*

मला हे लिहायला जड जातंय पण लिहिते. लग्नाच्या वाढदिवसाला कोणीतरी लिलीचा बुके दिला, मी फुलदाणीत ठेवला. मनीच्या पाठीवर पिवळे परागकण पडलेले मी पाहिले होते, हसून फोटोही काढला. तिने ते चाटून साफ केले. रात्री एक-दोन उलट्या झाल्या, सकाळी बरी वाटली म्हणून आम्ही थांबलो, आणि तिथेच चुकलं. तिसऱ्या दिवशी लघवीच बंद, किडन्या गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले पान, फूल, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा पुरतं, आणि पहिल्या काही तासांत सलाईन लागली असती तर आशा होती. कृपा करून मांजर बरं दिसतंय म्हणून थांबू नका, झाडाचा तुकडा पिशवीत घेऊन लगेच निघा.

*

ताई, फार वाईट वाटलं. लिली या शब्दाचा आपल्याकडे मोठा घोळ आहे म्हणून लिहितो. किडनी घालवणाऱ्या दोन, बुकेतली खरी लिली आणि बागेतली डे लिली. पीस लिली ही अळूच्या कुळातली. कच्चा अळू घशाला खाजतो ना, म्हणून आपण चिंच घालतो, तसेच सुईसारखे स्फटिक तिच्या पानात असतात, मांजराच्या तोंडाची आग होते, लाळ गळते, सहसा जीव जात नाही. मनी प्लांट, डिफेनबेकिया, सिंगोनियम सगळे त्याच घरचे. पण कळलावी, जिला नर्सरीत ग्लोरी लिली म्हणतात, ती जीवघेणी, घरात आणूच नका. नर्सरीत जाताना शास्त्रीय नाव लिहून न्यावं, मी तर आता त्याशिवाय रोप उचलतच नाही.

*

मी दांडिया बाजारातला, जुनं घर, मधे चौक. आमचा अनुभव गणपतीतला. पत्रीत रुई, धोत्रा, कण्हेर असतात आणि त्यातच दुर्वा, आणि आमच्या बोक्याला दुर्वा म्हणजे जीव की प्राण. निर्माल्याच्या टोपलीत तोंड घालून बसला, संध्याकाळी लाळ आणि उलट्या. नशिबाने निभावलं, पण कण्हेर हृदयावर जाते हे डॉक्टरांनी सांगितल्यावर मला झोप आली नाही. आता पत्री झाकणाच्या डब्यात, आणि बोक्यासाठी कुंडीत वेगळी दुर्वा. दारातली कण्हेर आईच्या हातची होती, तरी काढली. तिथे जास्वंद लावलीय, पूजेला फूल मिळतं.

*

सदाफुली पण वाईट का?? आमच्या सोसायटीत बारमासी म्हणून सगळीकडे तीच आहे.

*

हो, वाईटच. व्हिंक्रिस्टीन हे कॅन्सरचं औषध याच झाडातून काढतात, म्हणजे बघा किती जहाल. कुंडी उंच टांगू म्हणाल तर त्याचाही उपयोग नाही, मांजर चढतंच.

*

गोत्रीला चौथ्या मजल्यावर आमची बाल्कनी, दोन मांजरं. आमच्याकडे गुलाब, मोगरा, तुळस, स्पायडर प्लांट आणि अरेका, वर्षानुवर्षं काही त्रास नाही, फक्त स्पायडर प्लांट जास्त खाल्ला की ओकतात. बोस्टन फर्न पण सुरक्षित, पण एप्रिल-मेमध्ये हिरवी जाळी आणि दोन वेळ पाणी देऊनही माझा करपलाच. सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे गव्हांकुर. मूठभर गहू रात्रभर भिजवून पसरट कुंडीत टाकायचे, आठवड्यात हिरवंगार, आणि मांजरं बाकी झाडांना फारसं तोंड लावत नाहीत. खरंच करून बघा.

*

झाडं सांभाळली तरी फवारा विसरू नका. जास्वंदीवर मिलीबग आला म्हणून मी घरातलाच कीटकनाशकाचा स्प्रे मारला, त्यात पर्मेथ्रिन होतं, आणि मांजराच्या शरीराला ते नीट पचवता येत नाही. आमचं पिल्लू थरथरायला लागलं, आकडी आली. वाचलं. आता फक्त पाण्याचा जोरदार फवारा, नाहीतर साबणाचं पाणी मारून पानं धुऊन टाकते.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. मनीचं वाचून खूप रडले. सॅगो काल माळीकाकांनी मुळासकट काढला, कोणाला दिला नाही. खड्डा मोकळा आहे, जास्वंद लावू की मोगरा ते सांगा. तोवर भुरी तिथेच माती उकरत बसलीय.