पिकअपला दोन इंची लिफ्ट कशाला? आधी शॉकअप बदला

घाटवाट_७७ (धागाकर्ता)

माझी व्ही-क्रॉस, म्हणजे इसुझूची डी-मॅक्स पिकअप, २०२१ ची १.९ लिटरवाली, ६८ हजार किमी झालेत. मागचे दोन्ही शॉकअप गळतायत, बाहेरून तेलाचा ओघळ आणि त्यावर धुळीचा थर बसलाय, आणि हायवेला पुलाच्या जॉइंटवरून गेलं की मागचा भाग एकदा खाली बसतो आणि मग दोनदा डुलतो. शॉकअप घ्यायला दुकानात गेलो आणि बाहेर पडलो ते दोन इंची लिफ्ट किटचं, म्हणजे गाडी दोन इंच वर उचलायच्या सामानाचं, कोटेशन घेऊन, पुढचे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र), मागचे पाटे (कमानीच्या स्प्रिंगा), वरचे कंट्रोल आर्म (पुढच्या चाकांना धरणारे दांडे), सगळं मिळून दीड लाखाच्या वर. पुढच्या जूनमध्ये स्पिती करून लडाखला जायचंय, चौघं आणि सामान.

माझं मत आधीच सांगतो म्हणजे वाद नीट घालता येईल. लिफ्ट नको. चांगले शॉकअप टाका, पैसे उरले तर टायर घ्या. लिफ्टने गाडीची बॉडी आणि चेसिस वर जातं, पण मागचा ॲक्सल चाकांच्या मध्यावरच राहतो, त्यामुळे ॲक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो. दगड लागतो तो त्या गोळ्यालाच. तिथली उंची फक्त मोठ्या टायरने वाढते. माझे टायर २५५/६० आर १८ आहेत, २६५/६५ आर १८ टाकले तर व्यास साधारण ३८ मिमीने वाढतो, म्हणजे गोळ्याखाली त्याच्या निम्मे, १९ मिमी मिळतात. दीड लाख घालवून जिथे दगड लागतो तिथे शून्य मिमी मिळणार असतील तर मला ते पटत नाही. ज्यांनी लिफ्ट केलीय त्यांनी सांगा मी कुठे चुकतोय.

राजमाची_रोज

चुकताय दादा. गोळ्याचं गणित बरोबर आहे पण गाडीला फक्त गोळाच नाही ना. व्ही-क्रॉसचा व्हीलबेस ३०९५ मिमी आहे, माझ्या हायलक्सचा ३०८५, म्हणजे जवळपास तेवढाच. एवढ्या लांब गाडीचं पोट उंचवट्यावर टेकतं, पुढची चाकं पलीकडे उतरली आणि मागची अजून अलीकडेच आहेत अशा वेळी. राजमाचीच्या वाटेवर मी दोनदा साइड स्टेप वाकवून घेतलीय आणि एकदा ट्रान्सफर केसखालचा (फोर-बाय-फोरच्या गिअरपेटीखालचा) पत्रा घासलाय, गोळ्याला मात्र एकदाही दगड लागला नाही कारण गोळ्याची लाइन ड्रायव्हरला निवडता येते, चाक दगडावर घेतलं की गोळा वर येतो. पोटाची लाइन निवडता येत नाही. ४० मिमी लिफ्ट केल्यापासून तीन पावसाळे झाले, तीच वाट, पोट टेकलं नाही. त्यामुळे शून्य मिमी मिळतात हे म्हणणं मला मान्य नाही.

घाटवाट_७७

पोटाचा मुद्दा मान्य, त्याचा मी विचारच केला नव्हता. पण मी राजमाचीला वर्षातून एकदाही जात नाही. माझा ९५ टक्के रस्ता डांबरीच आहे.

कोल्हापुरी_४बाय४

एवढी चर्चा कशाला, स्पेसर टाका की. पुढच्या स्ट्रटच्या वर एक इंचाची चकती आणि मागे शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारा दुवा) लांब, अर्ध्या दिवसाचं काम, खर्च दहा-बारा हजार. माझी गाडी दोन वर्षं तशीच फिरतेय, दिसते पण भारी आणि आंबोली, राधानगरी सगळीकडे नेतो. लाखभर रुपये सस्पेन्शनमध्ये घालणं ज्याचं त्याने ठरवावं, पण बाकीच्यांना हा पर्याय माहीत असावा.

कमानवाले_काका

चाळीस वर्षं पाटे बांधतोय म्हणून स्पेसरवर थोडं सविस्तर लिहितो, राग मानू नका.

स्ट्रटच्या वर एक इंचाची चकती टाकली की चाकाशी साधारण दोन इंच मिळतात, कारण स्ट्रट खालच्या आर्मच्या मधोमध बसलेला असतो. लोकांना वाटतं स्वस्तात दुप्पट मिळालं. पण शॉकअपची लांबी तीच आहे, तो फक्त अख्खा खाली ढकललाय. चाक खड्ड्यात लोंबकळलं की पूर्वीपेक्षा तेवढंच जास्त खाली जातं, आणि तिथे वरचा आर्म स्प्रिंगला लागतो, बॉल जॉइंट त्याच्या शेवटच्या कोनाला जाऊन आपटतो, आणि पुढच्या एक्सलचा सीव्ही जॉइंट (चाक फिरवणारा वाकता सांधा) जेवढा वाकायला बनवलाय त्यापेक्षा जास्त वाकून फिरतो. त्याचा रबरी बूट फाटतो, ग्रीस उडतं, आत धूळ जाते. हे पहिल्या महिन्यात होत नाही, दोन वर्षांनी होतं, आणि मग माणूस म्हणतो कंपनीचा माल हलका. माझ्याकडे अशा गाड्या येतात तेव्हा मी आधी चकत्या काढतो आणि मगच बाकीचं बघतो.

लांब शॅकलचं तसंच. पाट्याचा कोन बदलतो, गाडी वळणावर मागून आडवी डोलते. आणि पाट्याखाली ब्लॉक घालून उंची वाढवली तर जोरात ॲक्सिलरेटर दाबला की ॲक्सल पिळतो, पाटा इंग्रजी एससारखा वाकतो, सेंटर बोल्ट तुटलेला मी स्वतः काढलाय.

उंचीच हवी असेल तर लांबीने जास्त असलेला शॉकअप आणि त्याला जुळणारी स्प्रिंग घ्या, नाहीतर आहे तशी ठेवा. कोल्हापूरकर भाऊ, पुढची चाकं जॅकवर लोंबकळू द्या आणि वरचा आर्म स्प्रिंगपासून किती लांब राहतो ते बोट घालून बघा. बोट जात नसेल तर चकत्या काढा.

कोल्हापुरी_४बाय४

काका बघतो रविवारी. पण दोन वर्षांत काही झालं नाही हेही खरंय.

नाशिकची_मीनल

मी गाडी चालवते कमी आणि मागच्या सीटवर बसते जास्त, म्हणून त्या बाजूने लिहिते. आमच्याकडेही व्ही-क्रॉस आहे, लिफ्ट केलेली, जड पाटे टाकलेली, कारण ह्यांना रूफ टेंट आणि मागे कॅनोपी (हौद्यावरचं टप) लावायची होती. कॅनोपी दोन वर्षं झाली अजून आली नाही आणि गाडी रिकामीच फिरते. ३०० किलो कायमचं सामान धरून घेतलेले पाटे रिकाम्या गाडीखाली वाकतच नाहीत. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर सासूबाई डाव्या हाताने हँडल आणि उजव्या हाताने कंबर धरून बसतात, आणि गाडीत चढताना त्यांना स्टूल लागतं. शॉकअप नामांकित कंपनीचे आहेत, महागातले आहेत, पण पाटाच दगडासारखा असेल तर शॉकअप काय करणार.

भाऊ, घाटवाट, तुम्ही लिफ्ट करा नाहीतर करू नका, पण आज गाडीत जेवढं वजन आहे त्याच्यावर पाटे घ्या, पुढे कधीतरी येणाऱ्या वजनावर नको. वर दोघांनी उंचीवर लिहिलंय आणि काकांनी पार्टवर लिहिलंय, गाडीत बसणाऱ्या माणसांवर कुणी लिहिलं नव्हतं म्हणून लिहिलं.

द्राक्षबाग_निफाड

ताईंचं बरोबर पण मला उलट बाजू मांडायचीय. माझी बोलेरो पिकअप आहे, टोमॅटोच्या सीझनला पिंपळगावला ६० कॅरेट नेतो, कॅरेटला २० किलो धरा, बाराशे किलो झाले. शॉकअप वजन उचलत नाही हो, वजन पाटा उचलतो. शॉकअपचं काम पाट्याला डुलू न देणं एवढंच. धागाकर्ते म्हणतात फक्त शॉकअप बदलतो, आणि जाणार चौघं सामानासकट स्पितीला. गाडीत चार माणसं, मागे कॅनभर डिझेल, पाणी, दोन स्टेपनी, तंबू, भांडीकुंडी. गाडी मागून बसणार, बसली की बंप स्टॉपवर (चेसिसखालच्या रबरी ठोकळ्यावर) आपटणार, आणि नवा शॉकअप पूर्ण दाबला जाऊन मार खाणार. ६८ हजार चाललेला पाटा थकलेला पण असतो. आधी पाटा बघा. आमच्याकडे पाटे उतरवून कमान परत चढवून देतात, एखादा जादा पाटा घालतात, आणि मग शॉकअप बदलतात. हा क्रम उलटा केला तर पैसे वाया.

कमानवाले_काका

निफाडकर बरोबर बोलले, फक्त कमान न तापवता ठोकून चढवलेला जुना पाटा सहा-आठ महिन्यांत परत बसतो हे लक्षात ठेवा. लांबच्या प्रवासाला जाणार असाल तर नवा सेट घ्या, पाटा ॲक्सलला बांधणारे यू-बोल्टसुद्धा नवेच घाला, जुने परत वापरू नका.

मेलबर्नकर_साठे

मी इथे डी-मॅक्सच चालवतो, ओल्ड मॅन एमू म्हणजे एआरबीचा सस्पेन्शन ब्रँड, ती कंपनी ह्याच गावची, १९७५ पासूनची. इथे ५० मिमीपर्यंतची सस्पेन्शन लिफ्ट साधारणपणे वेगळ्या इंजिनिअरच्या सर्टिफिकेटशिवाय चालते म्हणून जो तो दोन इंच करतो, पण दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न उंचीचा नसतो, बुलबार (पुढचा लोखंडी गार्ड) आहे का, विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र) आहे का, मागे कायम किती किलो असतं, हे विचारतात. उंची ही त्या उत्तरातून निघते.

शॉकअपवर लिहितो कारण धाग्याचं नाव तेच आहे आणि त्यावर कुणी फार लिहिलं नाही. लडाखला खड्ड्यांपेक्षा त्रास होतो तो पन्हाळी पत्र्यासारख्या रस्त्यांचा, तासन्‌तास बारीक बारीक आदळ. त्यात शॉकअपमधलं तेल तापतं, पातळ होतं, तेलात गॅसचे बुडबुडे मिसळतात आणि शॉकअप काम करणं थांबवतो, थंड झाला की परत नीट. कंपनीचा शॉकअप बारीक असतो, तेल कमी, म्हणून लवकर तापतो. मोनोट्यूबमध्ये, म्हणजे बिलस्टीन ५१०० वगैरे, गॅस वेगळ्या पिस्टनच्या मागे कोंडलेला असतो त्यामुळे तेलात बुडबुडे होत नाहीत आणि बाहेरची नळी थेट हवेत असल्यामुळे उष्णता पटकन निघते. पण त्याच नळीत पिस्टन फिरतो, दगड लागून पोचा पडला तर शॉकअप गेला. ट्विनट्यूबला, ओल्ड मॅन एमूचा नायट्रोचार्जर त्यातलाच, बाहेर दुसरी नळी असते, पोचा पडला तरी आतली चालत राहते. आयर्नमन कंपनीच्या फोम सेल शॉकअपमध्ये गॅसच्या जागी फोम असतो, तोही बुडबुड्यांसाठीच. दगडगोट्यांत हळू जाणाऱ्याला मी जाड ट्विनट्यूब सांगेन, पन्हाळी रस्त्यावर वेगात जाणाऱ्याला मोनोट्यूब. स्पितीत दोन्ही आहे, तरी मी जाड ट्विनट्यूबच घेईन, कारण काझाच्या अलीकडे पोचा पडला तर बदली मिळणार नाही.

नियमात_राहा

लिफ्टवाल्यांनी कायदाही बघावा. ऑस्ट्रेलियात काय चालतं त्याचा इथे उपयोग नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांवर आहे, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ बदललं, मालकाने नियमाबाहेर बदल केला तर प्रत्येक बदलाला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. बुलबारवर तर डिसेंबर २०१७ लाच केंद्राने राज्यांना पत्र पाठवलं. अपघात झाला आणि सर्व्हेअरने दोन इंच वर उचललेली गाडी आणि मोठे टायर फोटोत घेतले तर क्लेम कुठे अडेल याचा विचार करा. शॉकअप बदलणं म्हणजे झिजलेला पार्ट बदलणं. लिफ्ट म्हणजे गाडी बदलणं. माझं मत धागाकर्त्याच्या बाजूने, पण त्यांनी मोठे टायरही घेऊ नयेत.

राजमाची_रोज

कायद्याचं मान्य, पण थकलेले पाटे बदलून गाडी मूळ उंचीवर आणणं आणि त्यावर २०-२५ मिमी मिळणं ह्याला आणि तीन इंच उचललेल्या गाडीला एकाच तराजूत घालू नका. आणि सुरक्षेचं म्हणाल तर गळका शॉकअप लावून घाट उतरणं जास्त धोक्याचं, ब्रेक मारला की चाक रस्त्यावर टिकतच नाही. हेडलाइट मात्र लिफ्टनंतर खाली करून घ्याच, समोरच्याच्या डोळ्यात जातात, हे मी स्वतः उशिरा केलं त्याचं वाईट वाटतं.

घाटवाट_७७

तीन दिवस वाचत होतो. काल मीनलताई आणि निफाडकर दोघांचं वाचून एक काम केलं, अंदाजावर बोलणं थांबवलं आणि टेप घेऊन मोजलं. चाकाच्या मध्यापासून वर फेंडरच्या काठापर्यंत, सपाट फरशीवर. टायरच्या हवेने हा आकडा बदलत नाही म्हणून तिथून. पुढे डावी-उजवी जवळपास सारखी. मग लडाखला न्यायचं सगळं सामान खरंच भरलं, पाण्याचे कॅन भरून, आणि तिघांना बसवलं. मागचा भाग ७४ मिमी खाली आला, आणि बंप स्टॉपला माझी दोन बोटं जेमतेम राहिली.

तेव्हा माझं पहिलं वाक्य मागे घेतो, फक्त शॉकअपने भागणार नव्हतं. काय ठरवलंय ते असं. मागे नवे पाटे, पण रिकामी ते १५० किलोवाले, ३०० वाले नाही, कारण वर्षातले ३४० दिवस गाडी रिकामीच असते. शॉकअप चारही ट्विनट्यूब, पाट्यांना जुळणाऱ्या लांबीचे. पुढे कंपनीच्याच उंचीची स्प्रिंग. मागे जे २०-२५ मिमी मिळतील ते मिळतील, भरल्यावर गाडी सरळ उभी राहील. कंट्रोल आर्म घेत नाही कारण पुढची उंचीच बदलत नाही. दोन स्टेपनी नेणार होतो, एकच नेतोय, आणि पाणी वाटेत भरू. टायर त्याच मापाचे, ऑल टेरेन.

राजमाची_रोज

पुढे उंची नाही आणि मागे २५, म्हणजे रिकामी असताना गाडी नाकावर झुकलेली दिसेल. पुढे कॅस्टर (स्टीअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) थोडा का होईना कमी-जास्त होतो, अलाइनमेंट दोनदा करा, बसवल्यावर लगेच आणि हजार किमीनंतर पाटे बसले की परत. आणि पोट टेकणार, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. निदान ट्रान्सफर केसखाली जाड पत्रा लावून घ्या.

कमानवाले_काका

पत्रा लावा. आणि यू-बोल्ट ५०० किमीला टॉर्क पान्याने परत आवळायचे, गाडी चाकांवर उभी असताना, जॅकवर नाही. पाट्याच्या टोकांच्या रबरी बुशचे बोल्टसुद्धा चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे, लोंबकळत्या पाट्यावर आवळले तर बुश पिळलेलाच राहतो आणि मनालीला पोचायच्या आत फाटतो.

कोल्हापुरी_४बाय४

काका, रविवारी जॅकवर घेतली. डावीकडे बोट गेलं, उजवीकडे नाही गेलं, स्प्रिंगला घासल्याची चमक दिसतेय. फोटो पाठवू का तुम्हाला?

कमानवाले_काका

फोटो नंतर. आधी चकत्या काढा, आणि उजव्या सीव्हीचा बूट टॉर्च मारून बघा, घडीच्या आतल्या बाजूने.