मदत हवी आहे : माजावर आलेल्या नर एल्कची धनुष्यबाणाने शिकार करताना आवाज देणाऱ्याने आणि बाण सोडणाऱ्याने कुठे उभे राहावे?

नमस्कार.

आम्ही चौघे महाविद्यालयापासूनचे मित्र. तिघे डेन्व्हरच्या आसपास राहतो, चौथा टेक्सासात असतो. कोलोरॅडोच्या वायव्येला फ्लॅट टॉप्स नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथे सप्टेंबरात धनुष्यबाणाने नर एल्कची शिकार करायला २०२२ पासून तीन वर्षे आम्ही एकत्र गेलो. २०२५ पासून परराज्यातल्या माणसाला हा परवाना थेट विकत मिळेनासा झाला आणि त्याला सोडतीत नाव घालावे लागू लागले. गेल्या वर्षी आमच्या टेक्सासच्या मित्राचे नाव लागले नाही, म्हणून आम्ही तिघेही गेलो नाही. यंदा त्याला परवाना मिळाला आहे. मात्र २०२४ साली आमच्या हातून जे घडले ते पुन्हा घडू नये, अशी चौघांचीही मनापासून इच्छा आहे आणि त्यासाठीच हा धागा काढत आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या आपल्या पिढीला ‘शिकार’ हा शब्द खटकतो, आणि भारताच्या बाबतीत तो खटकायलाच हवा. कोलोरॅडोत मात्र एल्क अडीच लाखांहून जास्त आहेत, किती आणि कोणते जनावर मारायचे ते राज्याचा वन्यजीव विभाग ठरवतो, आणि मारलेल्या जनावराचे खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे हा गुन्हा आहे. त्या चर्चेसाठी कोणी वेगळा धागा काढला तर मी तिथे जरूर लिहीन.

ज्यांनी एल्क पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्या सांबरापेक्षा बराच मोठा, काश्मीरच्या हंगुलाच्या जवळच्या नात्यातला हा प्राणी आहे. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या पुढे भरतो. सप्टेंबरच्या मध्यापासून तो माजावर येतो, माद्यांचा कळप राखतो, चिखलात मुतून त्याच चिखलात लोळतो आणि खर्जातून सुरू होऊन बारीक शिट्टीपर्यंत चढत जाणारी आरोळी देतो. स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या दाट रानात तो दिसायच्या आधी त्याचा वास येतो, अगदी माजावरच्या बोकडासारखा. एरवी इतका सावध असणारा हा प्राणी याच दिवसांत मादीच्या नकली आवाजाला फसून माणसाच्या जवळ येतो. धनुष्यवाल्याची सगळी भिस्त त्या जवळ येण्यावर असते.

१९ सप्टेंबर २०२४ ची संध्याकाळ होती. आम्ही अ‍ॅस्पेनच्या विरळ झाडीत होतो. टेक्सासचा मित्र धनुष्य घेऊन एका पडलेल्या खोडाच्या मागे बसला होता, मी त्याच्या मागे जेमतेम दहा यार्डांवर मादीचा आवाज काढत होतो, आणि उरलेले दोघे आमच्या डाव्या हाताला बसले होते. वरच्या अंगाने उत्तर आले, मग फांद्या मोडल्याचा आवाज आला आणि पाच-पाच फाट्यांचा नर उतरून बावन्न यार्डांवर थांबला. तिथून त्याला आमच्याकडची सगळी जमीन दिसत होती, आणि जिचा आवाज आला ती मादी काही दिसत नव्हती. तीन-चार मिनिटे तो मान उंच करून नुसता पाहत राहिला. तेवढ्यात ढग आले, वाऱ्याने दिशा बदलली आणि माझ्या मानेला मागून गार झुळूक लागली. तो वळणार हे मित्रालाही कळले आणि त्याने बाण सोडला.

पन्नास यार्ड कापायला बाणाला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात नराने पाऊल टाकले आणि बाण फार मागे लागला. आम्ही तो उचलला तेव्हा त्याच्या पिसांना काळपट रक्त आणि हिरवा चिकट अंश लागलेला होता, आणि कुजलेल्या गवतासारखा वास येत होता. बाण पोटातून गेला हे चौघांनाही समजले होते. तरीही पाऊस येईल आणि माग धुऊन जाईल या भीतीने आम्ही वीस मिनिटांतच निघालो. दोनशे यार्डांवर एका स्प्रूसखाली तो बसलेला होता. आमची चाहूल लागताच तो उठला आणि दरीत उतरून गेला. बसल्या जागी ताटाएवढे रक्त होते. पुढे एक थेंबही सापडला नाही. दोन दिवस आम्ही ती दरी पालथी घातली. त्या वर्षी मित्राने दुसरा बाण लावलाच नाही, कारण परवाना एकाच जनावराचा असतो आणि त्याच्या मते ते जनावर त्याने मारलेले होते. माझ्या मते चूक त्याच्याइतकीच माझीही होती, कारण आवाज देण्याची जागा मी निवडली होती.

तेव्हा जाणकारांना माझे विचारणे असे : आवाज देणारा आणि धनुष्य धरणारा यांच्यात किती अंतर असावे आणि ते झाडीनुसार कसे बदलावे? उतारावर सकाळी वारा खाली वाहतो, ऊन चढले की वर जातो आणि संध्याकाळी पुन्हा खाली येतो. हा बदल होत असताना बसावे की उठून जावे? चौघांनी एकत्र राहावे का? आणि बाण मागे लागला, वर आभाळही भरून आले, तर वाट पाहावी की माग काढावा?

प्रतिसाद १

मी मोंटानात बारा वर्षे धनुष्याने एल्कमागे फिरतो आहे. तुम्ही इतके मोकळेपणाने लिहिले आहे म्हणून मीही स्पष्टच लिहितो.

तुमची मुख्य चूक अंतराची नसून जागेची होती. जिथून मादी दिसायला हवी तिथपर्यंत नर येतो, आणि ती दिसली नाही की थांबतो. म्हणून बाणवाल्याने अशा ठिकाणी बसावे की नराला पलीकडचे पहिल्यांदा दिसेल ती जागाच त्याच्या टप्प्यात असेल : उताराचा उंचवटा, दाट झाडीची कड, पायवाटेचे वळण. बाणवाल्याने झुडपाच्या मागे न बसता पुढे बसावे, म्हणजे हात मोकळा राहतो आणि पाठीमागच्या झाडीत आकृती मिसळून जाते. आवाज देणाऱ्याने दाट स्प्रूसमध्ये चाळीस ते साठ यार्ड मागे असावे; विरळ अ‍ॅस्पेनमध्ये त्याहूनही मागे, चढाच्या पलीकडे, आणि अजिबात दिसू नये. नर अडून राहिला तर त्याने तोंड फिरवून आवाज देत आणखी मागे सरकावे. मादी निघून चालली असे वाटले की पुष्कळ नर धावत येतात.

नर बहुधा वाऱ्याच्या खालच्या अंगाने वळसा घेऊन येतो, कारण त्याला आधी वास घ्यायचा असतो. म्हणून बाणवाला नर आणि आवाज यांच्या सरळ रेषेत नको, त्या रेषेपासून वाऱ्याच्या खालच्या बाजूला थोडा सरकलेला हवा. खिशात टाल्कम पावडरची छोटी बाटली ठेवा आणि दर काही मिनिटांनी चिमूटभर उडवून पाहा. वारा फिरू लागला की आवाज बंद करून सरळ उठा. तो नर उद्याही त्याच डोंगरात असतो. एकदा वास लागला की मात्र दुसऱ्या खोऱ्यात जातो.

चौघे एका जागी म्हणजे चौघांचा वास. दोन जोड्या करा आणि दोन वेगळ्या घळींत जा. कोलोरॅडोत सप्टेंबरच्या मध्यात ठासणीच्या बंदुकीचा हंगामही सुरू असतो. त्या दिवसांत धनुष्यवाल्याला नारिंगी कपड्यांची सक्ती नसली तरी चालताना नारिंगी टोपी घाला. बसल्याबरोबर आसपासची तीन झाडे रेंजफाइंडरने मोजून ठेवा. माझी मर्यादा पस्तीस यार्डांची आहे, आणि ती मी डोंगर चढण्याआधी सोबत्याला सांगून ठेवतो.

प्रतिसाद २

थांबण्याबद्दल लिहितो. दोन्ही फुप्फुसांत बाण लागला तर रक्त गुलाबी आणि फेसाळ असते. अर्धा तास पुरतो. यकृतात लागला तर रक्त गडद लाल असते. चार ते सहा तास थांबावे. पोटात लागला असेल तर आठ ते बारा तास, पाऊस असला तरीही. पोटाच्या जखमेतून रक्त मुळातच कमी सांडते, त्यामुळे पावसाने माग गेला तरी फारसे काही जात नाही. जनावर उठवले तर मात्र सगळेच जाते. न छेडलेला नर बहुतेकदा पहिल्या काही शे यार्डांतच बसतो. ज्या जागेवरून बाण सोडला तिथूनच, तो शेवटचा दिसला ती दिशा होकायंत्राने टिपून ठेवा आणि मागच्या मागे तळावर परता. सापडल्यावर लगेच कातडे काढा आणि मांडीचे मांस हाडापासून सोडवा, कारण ते तिथूनच बिघडायला लागते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. रविवारी आम्ही तिघे घराजवळच्या टेकडीवर गेलो. मी उंचवट्यापलीकडे पन्नास यार्डांवर उभा राहून आवाज दिला, एक जण उंचवट्याच्या कडेला झुडपापुढे बसला, आणि तिसरा नर होऊन, मला पाहायचे एवढेच ठरवून, खालून चढत आला. पलीकडचे दिसावे म्हणून तो जिथे आपोआप थांबला तिथून बसलेल्या मित्रापर्यंतचे अंतर मोजले. ते सव्वीस यार्ड भरले. मग मी दहा यार्डांवर येऊन २०२४ सारखाच उभा राहिलो. तेव्हा तो पन्नासाच्या अलीकडे आलाच नाही.

आम्ही तीस यार्डांची मर्यादा ठरवली आहे. टेक्सासच्या मित्राला फोनवर हे सगळे सांगितले, तेव्हा बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, पहिल्या दिवशी धनुष्य तू घे, आवाज मी देतो.