यो-यो परत यायलाच हवा का? (अनुभव धागा)

माझा पहिला धातूचा यो-यो मी विकणाऱ्याकडे परत पाठवायला निघालो होतो. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘परत येत नाही’. चार दिवसांनी त्याचा फोन. "साहेब, तो परत न येण्यासाठीच बनवलाय." मला वाटलं, हा गडी आपली खेचतोय.

ही २०१९ ची गोष्ट. तोवर माझ्या लेखी यो-यो म्हणजे जत्रेत मिळणारा, आत लाल दिवा लुकलुकणारा प्लास्टिकचा ऐवज. खाली सोडायचा, हिसका द्यायचा, वर घ्यायचा. तिसऱ्या दिवशी दोरी निसटायची आणि त्याची रवानगी माळ्यावर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जुन्या लाकडी यो-योत मधल्या दांडीभोवती दोरीचा सैल वेढा असतो. तो दांडीवर घासतो, म्हणून हिसका दिला की पकडतो. आताच्या यो-योत दांडीवर बॉल बेअरिंग असतं आणि दोन चकत्यांमधली फट रुंद. हिसका द्या नाहीतर नवस बोला, तो खालीच फिरत राहतो. वर आणायचा तर दोरीचा एक पदर दुमडून फटीत ढकलायचा. दोरी स्वतःवरच अडकते आणि चाक वर चढतं. याला ‘बाइंड’ म्हणतात. मला जमायला अकरा दिवस लागले. जमलं तेव्हा तो इतक्या जोरात हातात आला की अंगठ्याच्या मुळाशी काळंनिळं झालं. बायकोने हळद लावली, कारण मात्र विचारलं नाही.

तर माझं वादग्रस्त मत असं: नवशिक्याच्या हातात पहिल्याच दिवशी न येणारा यो-यो द्यावा. येणारा यो-यो दोरीवर घेतला की मध्येच पकडतो आणि बोटांच्या पेरांवर आदळतो, पोर घाबरून सोडून देतं. जुने खेळाडू मला यावरून फाडून खातात.

आता तुम्ही लिहा. बनावट, दर्जा, नावं, काहीही. अट एकच, मतासोबत ते कुठून आलं तो प्रसंगही सांगा. नुसती मतं ढीगभर मिळतात.

– पीळ, पुणे

---

कातकाम, सावंतवाडी

पीळराव, परत येत नाही त्याला यो-यो कशाला म्हणता? दोरीला बांधलेलं चाक म्हणा.

मी चितारआळीच्या जवळ वाढलो. लहानपणी लाकडी खेळण्यांच्या दुकानांतून आम्हाला चकरी मिळायची. पांगाऱ्याचं लाकूड, हलकं. लेथवर फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली की ती उष्णतेने वितळून रंग बसतो. ते बघायला आम्ही शाळा बुडवून उभे राहायचो. यो-यो हा शब्द आम्ही ऐकला तो फार उशिरा. आमची ती चकरीच, आणि ती परत यायची, नाही आली तर दुकानदार बदलून द्यायचा.

दुसरं. यो-यो खाली जागच्या जागी फिरत राहतो त्याला तुम्ही लोक ‘स्लीप’ म्हणता, ते काय नवीन आहे? भोवऱ्याला जाळी गुंडाळून नीट फेकला आणि तो आरेवर जागच्या जागी स्थिर फिरायला लागला की आम्ही म्हणायचो, भोवरा निजला. हातजाळी करून तळहातावर घेतला तरी निजलेलाच. शब्द घरात होता, तुम्ही उसना आणलात. माझं मत वादग्रस्त वगैरे नाही, बरोबर आहे.

---

गुंता, नागपूर

काका, चकरी म्हटलं तर आमच्याकडे दिवाळीतलं भुईचक्र येतं हातात. एकदा मित्राला सांगितलं, "घरी चकरी घेऊन ये, शिकवतो." तो काडेपेटीही घेऊन आला.

माझं मत: टायटॅनियमचा यो-यो घेणारे लोक तो खेळायला घेत नाहीत, रस्त्यावर घासून ठिणग्या पाडायला घेतात. माझ्याकडे नाही म्हणून बोलतोय, हे मान्य.

---

मायक्रॉन, चिंचवड

माझं स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. यो-यो खेळणं भाच्यामुळे सुरू झालं, पण वाद घालतो ते यंत्रकामाच्या अंगाने.

सगळे म्हणतात, महाग यो-यो गुळगुळीत फिरतो, स्वस्त थरथरतो. भाच्याचा एक बाराशेचा आणि त्याच्या मित्राचा नऊ हजारांचा, दोन्ही एका रविवारी दुकानात आणायला लावले. आधी त्यांची पद्धत: यो-यो खाली सोडून फिरत्या कडेला अंगठ्याचं नख अलगद टेकवायचं. नखात जी झिणझिण येते ती थरथर. दोघांनी शपथेवर सांगितलं, नऊ हजारांचा लोण्यासारखा. मग मी एकेक चकती लेथच्या चकमध्ये (पकडीत) धरून डायल, म्हणजे बारीक हेलकावा मोजणारं सुईचं मापक, लावला. बेअरिंग बसतं त्या खांद्यावर स्वस्तवाल्याची सुई साधारण वीस मायक्रॉन हलली, महागवाल्याची पंधरा. पाच मायक्रॉन म्हणजे किती, तर डोक्याच्या केसाच्या जाडीचा दहावा हिस्साही नाही. नंतर भाच्याचे डोळे बांधून दोन्ही हातात दिले. ओळखता आले नाहीत. मित्राने तो दिवस धरून माझ्याशी बोलणं सोडलंय.

म्हणजे महाग तो फुकटच महाग का? तसंही नाही. पैसे जातात ते वजन कुठे ठेवलंय त्यात. साधारण ६५ ग्रॅमचा यो-यो घ्या. तेच ६५ ग्रॅम मध्याजवळ ठेवले तर लवकर दमतो, कडेला नेले तर बराच वेळ फिरतो आणि सरळ फिरतो. म्हणून अंग ॲल्युमिनियमचं आणि कडेला स्टीलच्या रिंगा, असा दोन धातूंचा प्रकार निघाला. ती रिंग दाबून बसवताना जॉब वाया जायचं प्रमाण मोठं असतं, आणि वाया गेलेल्याची किंमत चांगल्यावर चढते. हे मला पटतं. पण ६०६१ पेक्षा ७०७५ या जातीचं ॲल्युमिनियम ‘हाताला वेगळं लागतं’ म्हणणाऱ्यांना मी एकच विचारतो, कापडी दोरीच्या टोकावरून? ७०७५ ताकदीचं आहे, त्यातून भिंत पातळ काढता येते, फरशीवर आपटलं तर पोचा कमी पडतो. तो फायदा खरा. ‘लागतं’ वगैरे बिलाचं समाधान.

आणि कृपा करून दोन चकत्या पकडीने आवळू नका. आतला स्क्रू चार मिलिमीटरचा असतो आणि आटे ॲल्युमिनियमचे. आटे गेले की नऊ हजारांचं दार अडवायचं वजन होतं. माझ्याकडे दुरुस्तीला तीन आले, तिन्ही पकडीचे.

---

पीळ

मायक्रॉन, डोळे बांधून चाचणी म्हणजे कहर आहे. पण नखाने जे कळतं ते डायलवर नाही कळत, कारण डायल लावताना तुम्ही चकती सुटी धरता. जोडल्यावर दोन चुका एकमेकींना पूरक होतात किंवा भर घालतात. एक चकती अर्धा फेरा वेगळी बसवून बघा.

मायक्रॉन

हे मान्य. यासाठी चहा माझ्याकडून.

---

लूपर, ठाणे

इथे सगळे एका हाताने दोरीवर नाचवणारेच दिसतायत. मी दोन्ही हातांनी फेरे मारतो, म्हणजे परत आलेला यो-यो न पकडता लगेच पुन्हा पुढे फेकतो; स्पर्धेच्या भाषेत २ए. (१ए एक यो-यो दोरीवर, ३ए तेच दोन हातांनी, ४ए मध्ये यो-यो दोरीपासून सुटा, ५ए मध्ये दोरी बोटाला न बांधता टोकाला वजन. ही नावं इतकी रूक्ष आहेत की अपार्टमेंटच्या विंग वाटतात. याहून चांगली कुणाला सुचली तर सांगा.)

माझी तक्रार ‘प्लास्टिक म्हणजे खेळणं, धातू म्हणजे खरा’ या समजुतीवर. फेऱ्यांचा यो-यो प्लास्टिकचाच लागतो. तो दर सेकंदाला परत येतो, आणि येताना मनगटाला लागला तर धातूने हाड कळवळतं. जागतिक स्पर्धेतले २ए वालेही प्लास्टिकच घेऊन उतरतात. दहावीत असताना मामाने दुबईहून पाठवलेल्या जोडीवर मी शिकलो. गच्चीवर सराव चालायचा आणि खालच्या मजल्यावरच्या काकू ‘वर कोण जातं फिरवतंय’ म्हणून विचारायला आल्या होत्या.

आकाराचंही तेच. बाहेर फुगीर, फट अरुंद तो जुना आकार. त्याच चकत्या उलट्या जोडल्या की फट बाहेर उघडते, तो फुलपाखरू. फुलपाखरू दोरीवर घ्यायला सोपा, फेऱ्यांत मात्र लगेच कलतो. दुकानात पोरांना सरसकट फुलपाखरूच खपवतात आणि मग पोर म्हणतं, मला फेरे जमत नाहीत.

---

परदेशी आई, ओहायो

मी खेळत नाही, गुंते सोडवते. घरात अकरा यो-यो आहेत आणि त्यांच्या दोऱ्या माझ्या वॉशिंग मशीनमध्ये सापडतात.

मुलगा यो-यो म्हणतच नाही, ‘थ्रो’ म्हणतो. मी यो-यो म्हटलं की चेहरा असा करतो जणू मी त्याच्या मित्रांसमोर त्याला ‘बाळा’ म्हटलं. २०१९ मध्ये क्लीव्हलंडला जागतिक स्पर्धा होती, तिथे घेऊन गेलो. माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते, त्यांच्याकडे डंकन कंपनीचा लाकडी यो-यो. मुलगा म्हणाला, "नाइस थ्रो." आजोबा म्हणाले, "इट्स अ यो-यो, सन." मी मनात टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर वाचलं तर या शब्दावरून अमेरिकेत खरोखरच कोर्टकचेरी झालेली. पेद्रो फ्लोरेस नावाचा फिलिपिनो माणूस, त्याने १९२८ मध्ये कॅलिफोर्नियात यो-यो बनवायला सुरुवात केली. हा शब्द त्याच्याबरोबर तिकडून आला. पुढे डंकनने त्याचा धंदा विकत घेतला आणि यो-यो हे आपलंच व्यापारी नाव म्हणून धरून ठेवलं. बाकीच्या कंपन्यांनी आपल्या मालाला काय म्हणावं? १९६५ मध्ये कोर्टाने सांगितलं, हा शब्द आता त्या वस्तूचंच नाव झालाय, एकट्याचा नाही. खटल्यांच्या खर्चाचाही भार होता, डंकन त्याच सुमारास दिवाळ्यात गेली. नाव १९६८ मध्ये फ्लॅम्बो या दुसऱ्या कंपनीने घेतलं, ते आजही चालू आहे.

एवढं भांडून सगळ्यांसाठी मोकळा केलेला शब्द आणि आमचे चिरंजीव म्हणतात, तो बाळबोध वाटतो. माझं मत: यो-योच म्हणा. न येणाऱ्यालासुद्धा. आमच्याकडे मुलगाही सांगितल्यावर परत येत नाही, म्हणून काय त्याला मुलगा म्हणायचं नाही?

---

कातकाम

बाई, हे शेवटचं पटलं. अर्धं.

---

पंचविसावी, ओसाका, सध्या टोकियो

इथे माझ्या ऑफिसात चाळिशीतल्या कुणालाही यो-यो दाखवा, तो पंधरा सेकंदांत दहा वर्षांचा होतो. १९९७ मध्ये बंदाई या खेळण्यांच्या कंपनीने हायपर यो-यो आणले आणि अख्खी पिढी त्यात सापडली. आमचे विभागप्रमुख, ज्यांना मी हसताना पाहिलं नव्हतं, त्यांनी माझा यो-यो घेऊन टाय खांद्यावर टाकला आणि जिन्यात ‘अराउंड द वर्ल्ड’, म्हणजे हातभोवती मोठा गोल, फिरवला. ट्यूबलाइट वाचली.

त्यांचं माझं भांडण क्लचवरून. योमेगा कंपनीचा ‘ब्रेन’ नावाचा यो-यो त्या लाटेत इथे आला होता. आत स्प्रिंग लावलेले दोन चिमटे दांडी धरून असतात. वेगात फिरला की चिमट्यांची वजनं बाहेर फेकली जातात आणि दांडी मोकळी होते; वेग कमी झाला की चिमटे पुन्हा धरतात आणि यो-यो आपोआप वर येतो. मी म्हणते ही फसवणूक, दमल्यावर रिक्षा केल्यासारखी. ते म्हणतात, त्यांच्या वर्गातली अर्धी मुलं त्याच्याशिवाय दुसऱ्याच दिवशी कंटाळली असती. मी वाद हरत आलेय, पण त्यांना सांगणार नाही.

---

गुंता

एक खरा अनुभव राहिला. पीळभाऊंचं ऐकून मी पहिल्याच दिवशी न येणारा घेतला. आठवडाभर रडलो. मग आत्याने शिलाई मशीनचं तेल दिलं, काही उपयोग नाही, उलट जास्त फिरायला लागला. शेवटी बाबांच्या स्कूटरचं घट्ट ग्रीस बेअरिंगमध्ये भरलं. आला ना परत! एक महिना त्याच्यावर शिकलो, मग पेट्रोलने बेअरिंग धुतलं आणि बाइंडला लागलो. तेव्हा येणारा का न येणारा हे भांडण दहा रुपयांच्या ग्रीसचं आहे. बाहेर गॅलरीत धुवा पण. मी स्वयंपाकघरात धुतलं आणि त्या दिवशी पोळ्या बाहेरून आणाव्या लागल्या.

---

पीळ

गुंता, हे मी नवशिक्यांना सांगणार आणि श्रेय लाटणार.

कातकाम, एक विनंती. चकरी अजून कुणी कातून देतं का तिथे? मला एक लाकडी, बेअरिंगशिवायची हवीय. सहा वर्षं न येणारा खेळलो, एकदा येणाऱ्याशी समोरासमोर बोलून घेतो.

कातकाम

देतात. पण दांडी केवढी सांगू? जाड ठेवली तर खाली गेली की लगेच वर येईल, बारीक ठेवली तर निजेल पण आळस करील.

मायक्रॉन

आठ मिलिमीटर. आणि पॉलिस्टरची दोरी लावू नका, लाकडावर घासून वितळते. सुती लावा.

लूपर

सुती तुटते. पहिल्या दिवशी टीव्हीसमोर उभे राहू नका.

कातकाम

आठ तर आठ. रंग कोणता?